पट्ट्याचा उपास

रूळअण्णांची चप्पल मला आठवते ती त्यांच्या हातात. घरापासून कारखान्याच्या मैदानापर्यंत ती पायांत असे. मैदान आलं की अण्णा वाकायचे, चप्पल काढायचे, तळव्याला तळवा लावून डाव्या हातात धरायचे आणि मगच सायकल-शर्यतीच्या मातीच्या पट्ट्यावर पाऊल ठेवायचे. नवा माणूस हमखास विचारायचा, “काय अण्णा, देवळात निघालात?” अण्णांचं उत्तर ठरलेलं. “देवळात चुकलं तर देव सांभाळून घेतोय. इथं चुकलं तर पोरगं पडतंय.”

हे उत्तर मी पन्नासदा तरी ऐकलं असेल आणि पन्नासदा हसलो असेन. त्या हसण्याबद्दल आज मला काय वाटतं, ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. बंगळूरच्या वेशीबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात मी इंजिनिअर म्हणून लागलो होतो. मूळचा साताऱ्याचा, शिक्षण पुण्यात, वय सव्वीस, लग्नाला दीड वर्ष, आणि आपल्याला सगळं समजतं असं वाटायला पुरेल एवढी पदवी. मला सायकल चालवता येत होती आणि इंग्रजीत बरी चिठ्ठी लिहिता येत होती, एवढ्या भांडवलावर साहेबांनी मला क्रीडा समितीचा चिटणीस केलं. सायकलीचा कुणाला त्रास झाला नाही. इंग्रजीचा झाला.

अण्णांचा हजेरीपटावरचा हुद्दा ‘माळी’ होता, पण फुलझाडांशी त्यांचा संबंध नव्हता. मैदानाभोवतीचा तो लंबगोल पट्टा आणि त्याची दोन चढती वळणं त्यांनी स्वतः घडवली होती. आटलेल्या तळ्यातला गाळ, लाल माती आणि मुरूम यांचं प्रमाण फक्त त्यांना ठाऊक. दगडी रूळ बैलांकडून ओढून घेताना ते पुढे उलटे चालायचे, म्हणून रूळअण्णा. घर शहरातल्या चामराजपेटेत. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेले. “आम्ही घोड्यांच्या मागनं आलो,” ते सांगत, “घोडे गेले, आम्ही राहिलो. तुम्ही रेल्वेनं आलात इंजिनेरराव, तुमचं काय सांगावं!” माझी भाषा ऐकून त्यांना गंमत वाटायची. म्हणायचे, “तुमचं मराठी इस्त्रीचं. बसलं की चुरगळतंय.”

त्यांच्या खिशात कायम एक लिंबू असायचं. रूळ फिरवून झाला की वळणाच्या वरच्या काठावरून ते लिंबू सोडायचे आणि ते कुठून कसं खाली येतं ते उकिडवे बसून बघायचे. जरा अडलं, जरा भरकटलं की तिथली माती पुन्हा उकरायची. मी एकदा मोठ्या ऐटीत उतार मोजायचं यंत्र घेऊन गेलो. अर्धा तास मोजमाप करून कागदावर आकडा काढला आणि सांगितलं, “अण्णा, वळण बरोबर आहे.” अण्णा म्हणाले, “होय की. लिंबानं मघाशीच सांगितलं.” मग तेच लिंबू कापून त्यांनी दुपारच्या भातावर पिळलं आणि अर्धं मला दिलं. “घ्या. तुमच्या यंत्राला रस नाही.”

पण अण्णांचा सगळ्यांत मोठा नेम उपासाचा. स्वतःच्या नव्हे, पट्ट्याच्या. शर्यतीच्या आधी महिनाभर ते पट्ट्याला भरपूर पाणी पाजत, रूळ फिरवत, सुकू देत, पुन्हा पाजत. शेवटचे तीन दिवस मात्र पाण्याचा थेंब नाही. “पट्टा आता उपाशी आहे,” असं जाहीर व्हायचं. मग कुणी हात धुतले आणि चार थेंब तिकडे झटकले तरी अण्णा ओरडायचे, “बेडा, बेडा! नको! उपास मोडेल!” तीन दिवसांनी ती माती तव्यासारखी टणक व्हायची. वरून फिकट, भेगाळलेली, अगदी रया गेलेली दिसायची, पण टाच आपटली तर टण् वाजायची. “दिसायला भिकारी, पण चाकाला धरतंय,” अण्णा म्हणत. “शर्यतीच्या दिवशी चाकं येतील आणि पारणं सोडतील.”

त्या वर्षी डिसेंबरात आमच्या मैदानावर परदेशी मुलांची शर्यत ठरली. सिलोन, मलाया, ब्रह्मदेश इथली अठरा वर्षांखालची पोरं येणार. कारखान्याच्या इतिहासात प्रथमच परदेशी पाहुणे. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या अंगात आलं होतं, आणि माझ्या तर घरचंच कार्य. शर्यतीच्या आदल्या दुपारी मोठे साहेब पाहणीला आले. उपासाचा तिसरा दिवस. पट्टा नेहमीप्रमाणे भिकारी दिसत होता. साहेब नाक वर करून म्हणाले, “हे काय? इथं गुरं बसवता का? उद्या परदेशी लोक फोटो काढणार आहेत.” अण्णा काही सांगायला पुढे झाले, तर साहेबांची नजर त्यांच्या अनवाणी पायांवर गेली आणि तिथून माझ्यावर आली.

साहेब गेल्यावर मी अण्णांना बाजूला घेतलं. “अण्णा, उद्या पायांत बूट हवेत. आणि कोट.”

अण्णांनी खाली पाहिलं. “पायांना काय झालं?”

“पाहुणे परदेशी आहेत. बरं दिसत नाही.”

बूट त्यांच्याकडे नव्हते. मार्केटपलीकडे राहणाऱ्या पुतण्याकडे होते. “सरी, बरं,” ते म्हणाले, “सकाळी त्याच्याकडनं घेऊन नऊला येतो. तोवर पट्ट्याजवळ कुणाला जाऊ देऊ नका, इंजिनेरराव. तुमच्यावर सोडून जातोय.”

असं म्हणून ते गेले, आणि ज्याच्यावर सोडून गेले त्यानंच घात केला.

आमच्या आईचं एक सांगणं होतं की कोरड्या अंगणात पाहुणा उतरवू नये. साताऱ्याला आमच्याकडे कुणी यायचं असलं की आधी सडा, मग रांगोळी. तो संस्कार आणि साहेबांचं वर गेलेलं नाक, दोन्ही माझ्या डोक्यात एकत्र शिजले. सकाळी सहाला मी मैदानावर हजर. लाल मातीच्या आठ पाट्या मागवून त्या पट्ट्यावर पातळ पसरल्या आणि कारखान्याची आग विझवायची गाडी बोलावून वर सडा घातला. होय, सडा. शर्यतीच्या पट्ट्यावर. इंजिनिअरिंगची पदवी असलेल्या माणसानं.

आमच्या सौभाग्यवती आणि वसाहतीतल्या चार मराठी बायका मांडवाच्या दाराशी रांगोळी घालत होत्या. ही रांगोळीचा डबा हातात घेऊनच आली. “अहो, अंगण वेगळं, शर्यतीची वाट वेगळी. अण्णांना विचारलंत?”

“अण्णा बूट आणायला गेलेत.”

“मग नऊपर्यंत थांबा की.”

“नऊला पाहुणे येताहेत.”

“तुम्हाला काही विचारलं की तुम्ही घड्याळ दाखवता,” ती म्हणाली आणि रांगोळीकडे परत गेली.

पट्टा मात्र काय देखणा दिसत होता! कुंकवासारखा लाल, ओल्या मातीचा वास, कडेला झेंडूची माळ. माझा ऊर भरून आला. माझा ऊर अशाच वेळी भरून येतो.

नऊच्या ठोक्याला अण्णा आले. काळा कोट, आणि पुतण्याचे दोन अंगुळं तोकडे बूट. तापल्या फरशीवरून चालावं तसे चालत होते. पट्टा दिसला आणि ते थांबले. एका जागी बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि दुसऱ्या वळणावर जाऊन टाच टेकवली. आवाज आला नाही. टाच उचलली तेव्हा तिला लाल राड चिकटली होती, आणि खाली जुनी टणक माती तुळतुळीत चमकत होती. कोरडी असती तर तिनं चाक धरलं असतं. आता तिच्यावर लोण्याचा लेप होता.

“उपास कुणी मोडला?” अण्णांनी विचारलं.

गाडी एव्हाना परत गेली होती. आसपास कुणी नव्हतं. मी म्हणालो, “दव पडलं असेल, अण्णा. डिसेंबर आहे.”

अण्णांनी कडेच्या गवतावरून हात फिरवला. कोरडा हात मला दाखवला. “दव पट्ट्यापुरतंच पडलं?”

मी घड्याळ पाहिलं.

“बरं, शर्यत बारापर्यंत थांबवा,” ते म्हणाले. “ऊन ओल खेचून घेईल.” प्रमुख पाहुणे साडेअकराला निघणार होते. मी शक्य नाही म्हणालो. “मग स्वल्प राख तरी द्या.” कँटीनच्या चुलीतली दोन पाट्या राख त्यांनी स्वतः डोक्यावर वाहून आणली आणि त्या कोटासकट गुडघ्यांवर बसून गोणपाटानं वळण पुसायला लागले.

एवढ्यात सिलोनच्या संघाबरोबर आलेले गृहस्थ तिथे पोचले. पांढरी टोपी, उंच, मितभाषी. त्यांनीही टाच टेकवून पाहिली. इंग्रजीत म्हणाले, “हे वळण तयार नाही. माझ्या मुलांना यावर उतरवणं मला धोक्याचं वाटतं. माझी हरकत नोंदवा.”

तेव्हा मला खरं बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. फार तर शर्यत लांबली असती, प्रमुख पाहुणे गेले असते, साहेबांचं नाक आणखी वर गेलं असतं. मी म्हणालो, “काळजी नको. आमच्या पट्टा करणाऱ्याला तीस वर्षांचा अनुभव आहे. त्यानं पाहून पसंत केलाय.” आणि मी अण्णांकडे बोट दाखवलं. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना वाटलं, मी त्यांची ओळख करून देतोय. राखेनं भरलेले हात जोडून त्यांनी त्या गृहस्थांना नमस्कार केला.

तो नमस्कार मला अजून आठवतो आणि मग जेवण जात नाही.

पहिलीच शर्यत. दुसऱ्या फेरीला सिलोनचा एक सोळा वर्षांचा मुलगा पुढे होता. हिरवा सदरा, सायकलीशी एकजीव झालेला. पहिलं वळण त्यानं सुरेख घेतलं. दुसऱ्यावर तो आत झुकला आणि चाक सुटलं. अण्णांनी वरून सोडलेलं लिंबू यावं तसा तो खाली आला. त्याच्याजवळ सगळ्यांत आधी अण्णा पोचले. खांद्याचं हाड मोडलं होतं. शर्यत तिथेच थांबली. माझ्या लाल मातीचे फोटो तेवढे निघाले.

मी रुग्णालयात एकदा गेलो, फळांची करंडी घेऊन. मुलानं मला इंग्रजीत विचारलं, “सर, मी जास्त झुकलो का? माझी चूक झाली का?” मी म्हणालो, “असं होतं कधीकधी.” आणि संत्रं सोलायला लागलो. अण्णा मात्र तो परत जाईपर्यंत रोज जायचे. त्याला तमिळ यायची, अण्णांना चामराजपेटेतली मोडकी तमिळ. “तुझी चूक नाही रे,” ते रोज सांगत. तो विचारी, “मग कुणाची?” याचं उत्तर अण्णा देत नसत.

उत्तर पुढे कागदावर आलं. चौकशी झाली आणि अहवालाचा मसुदा करायचं काम चिटणिसाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. मी लिहिलं की पहाटेच्या दवामुळे वळण ओलसर राहिलं होतं, तिथं स्पर्धकाचा वेगाचा अंदाज चुकला, आणि देखभाल करणाऱ्यानं ओल वेळीच लक्षात आणून द्यायला हवी होती. एका वाक्यात तीन खोटी. साहेब म्हणाले, “इंग्रजी छान आहे तुमचं.” त्याची एक प्रत सिलोनला गेली.

चौकशीत अण्णांना विचारलं होतं, “पट्टा ओला कसा झाला?” मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. अण्णा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “पट्टा माझा. त्याच्यावर जे पडलं ते माझ्यादेखत पडायला पाहिजे होतं. त्या वेळी मी तिथं नव्हतो.” का नव्हतो, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

अण्णांना मैदानावरून काढून फाटकाजवळच्या गुलाबांवर नेमलं. हजेरीपटावर माळी होतेच, आता खरोखरचे झाले. रोज सकाळी मी कामावर जायचो तेव्हा ते झारीनं पाणी घालत असायचे. पायांत चप्पल. मला पाहिलं की म्हणायचे, “या इंजिनेरराव. यांना उपास नाही. कितीही घाला.” आवाजात राग नसायचा, टोमणाही नसायचा. असता तर मला बरं वाटलं असतं. पुढे मी मागच्या फाटकानं जायला लागलो. त्याला दहा मिनिटं जास्त लागत. सात वर्षांची दहा-दहा मिनिटं मी त्या वळशात घातली.

अण्णा निवृत्त झाले त्या आठवड्यात सौभाग्यवतींनी मला समोर बसवलं. “आता गुलाबांपाशीही ते नसणार. म्हणजे तुम्ही पुढच्या फाटकानं जाणार, असंच ना? आधी जाऊन सांगून या.” मी कुरकुर केली. ती म्हणाली, “सात वर्षं मी दारात सडा घालायला लागले की तुम्ही आत पळता. मला काय कळत नाही?”

रविवारी सकाळी चामराजपेटेत गेलो. अण्णांनी कॉफी दिली. मी पेला हातात धरून, चालून चालून पाठ केलेलं वाक्य म्हणालो. “अण्णा, त्या दिवशी पट्ट्यावर पाणी मी मारलं होतं.”

“सरी,” अण्णा म्हणाले.

“सरी काय अण्णा! मी मारलं होतं.”

“त्या गाडीचा ड्रायव्हर माझ्या गल्लीतला. त्याच संध्याकाळी सांगितलं त्यानं.”

“मग चौकशीत बोलला का नाहीत?”

“तुम्ही शेजारी बसला होता की. तुम्ही बोलाल म्हणून थांबलो.” त्यांनी कॉफीचा घोट घेतला. “स्वल्प उशीर केलात.”

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. “माझं राहू द्या. मला माझी चूक नाही हे ठाऊक होतं, मी झोपत होतो. त्या पोराला ठाऊक नाही.” ते उठले, कोनाड्यातल्या देवाच्या तसबिरीमागून एक घडी केलेला कागद काढला. रुग्णालयात मुलानं स्वतःच्या हातानं लिहून दिलेला पत्ता. “मला इंग्रजी येत नाही. तुम्हाला येतं. त्या रिपोर्टाइतकं चांगलं लिहा.”

तिथेच बसून मी पत्र लिहिलं आणि त्यांना मराठीत वाचून दाखवलं. हवामान, घाई, समितीची अडचण, सगळं आलं होतं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, “तुमचं नाव खाली सहीलाच आहे. वर पण घाला. पाणी मारलं तिथं.” मी कागद फाडला आणि पुन्हा लिहिलं. दुसरं पत्र पाच ओळींचं झालं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. मी ते घेऊन धावतच अण्णांकडे गेलो. मुलगा आता कारकून झाला होता. लिहिलं होतं की त्यानं पुन्हा शर्यत केली नाही. कचेरीत सायकलवरूनच जातो, पण वळण आलं की खाली उतरून सायकल हातात धरून चालतो, लोक हसतात. माझं पत्र आल्यावर त्यानं एकदा न उतरता वळण घ्यायचं ठरवलं, पण पाय आपोआप खाली आला.

मी वाचून थांबलो. अण्णांनी पत्त्याचा कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

“उत्तर लिहा,” ते म्हणाले. “उतरू नको म्हणावं. पट्टा खोटा होता, तू नाही.”

मी लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. तो आता वळणावर उतरतो की नाही, हे मला माहीत नाही. अण्णा पुढच्या वर्षी गेले.

आमच्या मैदानावर आता पट्टा राहिलेला नाही. दुसऱ्या वळणाच्या जागी गवत आहे. संध्याकाळी कधी मी तिकडे जातो, चप्पल काढतो, हातात धरतो आणि चार पावलं चालतो. खात्यातल्या नव्या पोरांना ते चमत्कारिक वाटतं. परवा एकानं विचारलंच, “काय साहेब, देवळात निघालात?”

अण्णांचं उत्तर मला पाठ आहे. पण ते द्यायचा अधिकार माझा नाही. मी नुसतं हो म्हणालो.